दरसाल दरशेकडा
(चिंचपाडा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या शिक्षकाच्या स्मरणार्थ आपण ही व्याख्यानमाला चालवीत आहात, त्यांनी या पंचक्रोशीतील दोन पिढ्यांना अंकगणित शिकविले. तेव्हा त्यांच्या नावाने बोलावयास उभे राहिल्यावर हातातला हिशेब चुकू नये, ही भीती मला प्रथम वाटते आणि ती व्यक्त करूनच मी आरंभ करतो. विषय व्यक्तिगत गुंतवणुकीचा आहे: आपण जे पैसे पोस्टात, बँकेत, विम्यात, म्युच्युअल फंडात, चांदीत वा जमिनीत घालतो, त्यांचे खरे उत्पन्न किती, ते मोजावे कसे आणि त्यावर नजर ठेवावी कशी. शीर्षक मात्र मी शाळेच्या पुस्तकातून उचलले आहे. ‘द. सा. द. शे.’ ही अक्षरे ज्याने पाटीवर गिरविली नाहीत असा शिकलेला मराठी माणूस विरळा; परंतु शाळा सुटून संसार सुरू झाला, की या जोडशब्दातला पूर्वार्ध कुठे तरी गळून पडतो, ‘दरशेकडा’ तेवढे लक्षात राहते आणि ‘दरसाल’ विस्मृतीत जाते. किती मिळाले हे आपण सांगतो. किती काळात मिळाले हे सांगत नाही, आणि पुष्कळदा ते आपल्याला ठाऊकही नसते. आजचे माझे सारे प्रतिपादन या एका गळालेल्या शब्दाभोवती आहे.

हा विषय परका आहे, मुंबईच्या दलाल स्ट्रीटवरून आलेला आहे, असे निदान खानदेशाने तरी मानू नये. ज्या भास्कराचार्यांची ‘लीलावती’ सन ११५० ची, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याचा शिलालेख आपल्याच खानदेशात, चाळीसगावाजवळच्या पाटण येथे आहे. त्या ‘लीलावती’त व्याजाला ‘कलांतर’ असा सुंदर शब्द आहे, आणि एक उदाहरण असे आहे, की दरमहा शेकडा पाच या दराने एक वर्षाने मुद्दल आणि कलांतर मिळून एक हजार झाले, तर मुद्दल किती व कलांतर किती ते वेगळे करून सांगावे. उत्तर ६२५ आणि ३७५. या उदाहरणाचे मर्म असे, की हातात आलेली रक्कम ही मिश्र रक्कम असते; तिच्यात आपलेच परत आलेले किती आणि कमावलेले किती, हे वेगळे केल्यावाचून काहीच कळत नाही. आठशे वर्षांपूर्वीचा विद्यार्थी जे वेगळे करीत असे, ते आजचा पदवीधर विम्याच्या मुदतपूर्तीचा धनादेश हातात घेऊन वेगळे करीत नाही.

या डोंगरपट्टीला व्याजाचा अनुभव ग्रंथातून नव्हे, कणगीतून आला. पावसाळ्याच्या तोंडी घरातले धान्य संपले की खावटी काढावी लागे, आणि ती सवाईने वा दिढीने फेडावी लागे. म्हणजे एक मण नेले तर सुगीला सव्वा मण किंवा दीड मण घालावयाचे. नेणाऱ्याला ही वाढ निमपट वाटे. परंतु आषाढात नेलेले धान्य मार्गशीर्षात फिटले तर मधला काळ अवघा पाचसहा महिन्यांचा. तोच दीड मण पुन्हा दिढीने गेला, तर वर्षअखेर एकाचे सव्वादोन मण होतात. म्हणजे नेणाऱ्याच्या समजुतीत दर शेकडा पन्नास, आणि सावकाराच्या खतावणीत दरसाल शेकडा सव्वाशे. दोघेही एकाच व्यवहाराकडे पाहत होते. एकाला काळ दिसत होता, दुसऱ्याला दिसत नव्हता, आणि ज्याला दिसत नव्हता त्याची जमीन गेली.

सन १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जो उठाव झाला आणि पुणे-नगर भागात पसरला, त्यात शेतकऱ्यांनी मुख्यतः सावकारांच्या घरातील खते, रोखे व वह्या काढून जाळल्या. ज्या कागदावरचा हिशेब आपल्याला वाचता येत नाही आणि पडताळताही येत नाही, त्या कागदाविषयी माणसाच्या मनात साचणारा हा राग होता. सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा जो कायदा केला, त्यात न्यायालयाने रोख्यावरचा आकडा प्रमाण न मानता देवघेवीच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब घ्यावा, आणि सावकाराने ऋणकोला पावती व हिशेब द्यावा, अशी तरतूद होती. व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक मागता येऊ नये, हा दामदुपटीचा नियम तर त्याहून पुष्कळ जुना. या साऱ्या तरतुदी कर्ज घेणाऱ्यासाठी होत्या, कारण त्या काळी गरीब माणसाचा पैशाशी संबंध ऋणको म्हणूनच येई. आज तोच माणूस, त्याची मुले, येथील शिक्षक, परिचारिका, रेल्वे कर्मचारी आणि बचत गटातील भगिनी धनको झाल्या आहेत. त्यांचे पैसे दुसऱ्याच्या वहीत आहेत. बाजू बदलली, वही अजून परक्याच्या हाती आहे.

आता घरचाच एक दाखला देतो. माझ्या वडिलांनी किसान विकास पत्रे घेतली होती. ही योजना १९८८ साली सुरू झाली तेव्हा साडेपाच वर्षांत रक्कम दुप्पट होत असे, म्हणजे चक्रवाढीने दरसाल शेकडा १३.४ च्या आसपास. आज ती दुप्पट व्हावयास ११५ महिने लागतात, म्हणजे दर साडेसात. वडिलांनी ती पत्रे पत्र्याच्या पेटीत, जुन्या पंचांगाखाली, इतकी जपून ठेवली, की त्यांची मुदत केव्हा संपली हे घरात कोणालाच कळले नाही. नवव्या वर्षी पेटी आवरताना ती सापडली, वडील पोस्टात गेले, पैसे घेऊन आले आणि सर्वांना पेढे वाटून म्हणाले, “दुप्पट झाले!” ते खरेही होते. मात्र साडेपाच वर्षांत दुप्पट होणे आणि नऊ वर्षांत दुप्पट हाती येणे यांत, वरच्या काळाचे किरकोळ व्याज बाजूला ठेवले, तर १३.४ आणि ८ एवढे अंतर आहे. साडेतीन वर्षे तो पैसा पेटीत झोपला होता, आणि ती झोप पेढ्यांच्या आनंदात कोणाच्या हिशेबात आली नाही. वडील हिशेबाला अतिशय चोख. किराण्याच्या चिठ्ठीत चार आणे चुकले तर दुकानात परत जात. त्यांच्या रोजकीर्दीत प्रत्येक रक्कम होती. त्या रकमांना जोडणारे तारखांचे गणित मात्र नव्हते.

विम्याचे उदाहरण याहून बोधप्रद आहे, कारण त्यात पैसे एकदम जात नाहीत, हप्त्याहप्त्याने जातात. समजा, एखाद्या शिक्षकाने वीस वर्षे, प्रत्येक वर्षाच्या आरंभी, दहा हजार रुपयांचा हप्ता भरला आणि विसाव्या वर्षाच्या अखेरीस त्याला चार लाख मिळाले. भरले दोन लाख, मिळाले चार, उत्पन्न किती? एक म्हणेल, शंभर टक्के. दुसरा वीस वर्षांनी भागून म्हणेल, दरसाल पाच. तिसरा चक्रवाढ जाणणारा असेल तर म्हणेल, वीस वर्षांत दुप्पट म्हणजे साडेतीन टक्केच. हे तिघेही चुकले. कारण पहिला हप्ता वीस वर्षे राबला आणि शेवटचा एकच वर्ष, हे कोणीच लक्षात घेतले नाही. प्रत्येक हप्त्याला त्याच्या त्याच्या तारखेपासून व्याज लावले असता चार लाख रुपये पुरे करणारा दर निघतो तो दरसाल सुमारे ६.२. त्यात विम्याचे संरक्षण मिळाले, त्याची किंमत वेगळी धरावी, हे मान्य. परंतु ती वेगळी धरण्यासाठीही हा आकडा आधी माहीत असावा लागतो.

हा दर काढण्याची रीत भीतिदायक मुळीच नाही. कल्पना करा, की एक अशी पेढी आहे जी प्रत्येक ठेवीवर रोज सारख्याच दराने चक्रवाढ देते. आपण ज्या तारखेला जेवढे पैसे गुंतविले तेवढेच त्या तारखेला या पेढीत ठेवले, आणि मध्ये जे काढले तेवढेच काढले. तर आज आपल्या हाती जी किंमत आहे, नेमकी तेवढीच शिल्लक पेढीत राहण्यासाठी तिचा दर किती असावा लागेल? तो दर म्हणजेच आपला परतावा. पूर्वी तो अंदाजाने एक दर धरून, कमीजास्त करीत, दोनतीन खेपांत काढीत. आज संगणकाच्या किंवा मोबाईलच्या कोष्टकात एका रकान्यात तारखा आणि दुसऱ्यात रकमा लिहून, घातलेल्या रकमांना ऋण चिन्ह देऊन आणि शेवटी आजची किंमत मांडून ‘एक्सआयआरआर’ हे सूत्र चालविले, की क्षणात उत्तर येते. यंत्र गणित करते. तारखा आपणच द्याव्या लागतात.

येथे एक सूक्ष्म भेद सांगतो. म्युच्युअल फंडाच्या पत्रकात जो परतावा छापलेला असतो तो फंडाचा, तुमचा नव्हे. एक फंड पहिल्या वर्षी शेकडा पन्नास वाढला आणि दुसऱ्या वर्षी शेकडा वीस घसरला. शंभराचे दीडशे झाले, दीडशेचे एकशेवीस. पत्रकात दोन वर्षांचा वार्षिक परतावा साडेनऊ टक्के असा दिमाखात झळकेल. आता त्यात एका गृहस्थांनी आरंभी दहा हजार घातले होते. वर्षअखेर त्यांचे पंधरा हजार झालेले पाहून त्यांचा धीर चेपला आणि त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून काढलेले एक लाख त्यात ओतले. दुसऱ्या वर्षाच्या घसरणीनंतर त्यांच्या एक लाख पंधरा हजारांचे उरले ब्याण्णव हजार. घातले एक लाख दहा हजार. अठरा हजार गेले. फंड दरसाल साडेनऊ मिळवतो, आणि त्याच फंडातला गृहस्थ दरसाल पंधरा टक्के गमावतो. पत्रक खोटे नाही. ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर आहे. चढत्या भावाने गर्दी करून शिरणाऱ्या आणि उतरत्या भावाने घाबरून निघणाऱ्या प्रत्येकाचे असेच होते, आणि आपल्या स्वभावाची ही किंमत आपल्या तारखांवाचून कुठेच दिसत नाही.

हा दर निघाला तरी तो निव्वळ नव्हे. पहिली वजावट खर्चाची. म्युच्युअल फंडांत १ जानेवारी २०१३ पासून मध्यस्थाविना घ्यावयाची ‘डायरेक्ट’ योजना उपलब्ध आहे आणि तिचा वार्षिक खर्च कमी असतो. खर्चात एक टक्क्याचा फरक पडला तर काय बिघडते, असे वाटते. परंतु एक लाख रुपये पंचवीस वर्षे अकरा टक्क्यांनी वाढले तर साडेतेरा लाखांवर जातात, आणि दहा टक्क्यांनी वाढले तर पावणेअकरा लाखांच्या किंचित पुढे थांबतात. एक टक्का म्हणजे शेवटच्या राशीचा एक पंचमांश. मध्यस्थाने खरी सल्लामसलत केली असेल तर ते मोल त्याला अवश्य मिळावे. मात्र आपण ते देत आहोत हे आपल्याला माहीत असावे.

दुसरी वजावट प्राप्तिकराची, आणि तिसरी महागाईची. समोर अनेक शिक्षक आणि सरकारी नोकर बसले आहेत, म्हणून थोडे थट्टेने बोलतो. महागाई भत्ता किती टक्के वाढला, थकबाकी किती महिन्यांची, हे आपणा सर्वांस तोंडपाठ असते. निर्देशांक वाढला की पगार वाढावा ही मागणी आपण हक्काने करतो. तोच निर्देशांक आपल्या ठेवीला लावून पाहण्याचे मात्र आपल्याला कधी सुचत नाही. साडेसात टक्क्यांची ठेव घ्या. वीस टक्के कर गेला की उरतात सहा. त्या वर्षी महागाई पाच टक्के असेल, तर शंभराचे १०६ झाले खरे, पण जी वस्तू शंभराला मिळत होती ती १०५ ला मिळू लागली. १०६ ला १०५ ने भागले असता खरी वाढ निघते ती एक टक्क्याहूनही किंचित कमी. नाममात्र दर आणि वास्तव दर यांतील हा भेद अर्विंग फिशर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९३० च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडला. आपल्या आजीने तो “पैसा तेवढाच, पण पिशवी हलकी” अशा शब्दांत मांडला असता. भविष्यनिर्वाह निधीचा पीपीएफ नावाचा जो प्रकार १९६८ पासून चालत आला आहे, त्याचा दर १९८६ पासून २००० पर्यंत बारा टक्के होता आणि २०२० च्या एप्रिलपासून ७.१ आहे, बाराचे दिवस आठवून हळहळणाऱ्यांनी त्या दिवसांतली महागाईही आठवावी.

ज्या वस्तूंवर व्याजाचा आकडा छापलेला नसतो, त्यांचा हिशेब आणखी सैल असतो. आपल्याकडे स्त्रियांच्या अंगावरची चांदी ही खरी बँक. वर्तमानपत्रातला चांदीचा भाव तिप्पट झाला म्हणून आपण खूष होतो. परंतु कडे किंवा साखळी घेताना घडणावळ दिलेली असते, २०१७ च्या जुलैपासून त्यावर वस्तू व सेवा कर आहे, आणि मोडीला नेले की सराफ काट्यावर ठेवून प्रथम घट धरतो, मग भाव सांगतो. घेतानाची रक्कम सगळे काही धरून लिहावी आणि विकतानाची किंमत मोडीच्या भावाने लिहावी. मधला फरक म्हणजे अलंकार मिरविल्याचे मोल, ते आनंदाने द्यावे, पण गुंतवणूक म्हणून मिरवू नये. जमिनीचेही तसेच. दोन लाखांना घेतलेली जागा पंधरा वर्षांनी आठ लाखांना गेली, तर गावभर ‘चौपट झाले’ असा बोभाटा होतो. हिशेबाने ते दरसाल ९.७ टक्के, आणि मुद्रांक, नोंदणी, दलाली वजा जाता त्याहून कमी. शिवाय आपला नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे शासकीय मंजुरीवाचून जात नाही, आणि ही तरतूद न्याय्यच आहे. तेव्हा महामार्गाकाठी कोणी तोंडाने सांगितलेला भाव स्वतःच्या ताळेबंदात मांडणाऱ्याने, तो भाव देणारा कायदेशीर खरीददार कोण, हेही शेजारी लिहावे.

अखेरची दक्षता बुडितांविषयी. जे शेअर वाढले त्यांची गोष्ट आपण लग्नकार्यात सांगतो; जे शून्य झाले ते पोटात ठेवतो. एखाद्या पतसंस्थेने बँकेपेक्षा दोन टक्के अधिक देऊ केले तर आपण त्या दोन टक्क्यांकडे पाहतो. बँकेतील ठेवीला २०२० च्या फेब्रुवारीपासून पाच लाखांपर्यंत विमासंरक्षण आहे, पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही, हा मधला फरक त्या दोन टक्क्यांत दडलेला असतो. चांगल्या पतसंस्था पुष्कळ आहेत आणि त्यांनी गावोगावच्या माणसाला सावकाराच्या दारातून सोडविले आहे. परंतु पाच ठिकाणी ठेव ठेवून एका ठिकाणी मुद्दल बुडाले, तर उरलेल्या चारांचा वाढीव दर सांगणे हा हिशेब नव्हे. बुडालेल्या रकमेचीही ओळ वहीत असली पाहिजे, तिची तारीख लिहिलेली असली पाहिजे आणि आजची किंमत म्हणून शून्य मांडलेले असले पाहिजे. ते शून्य लिहिताना हात जड होतो. तरीही लिहावे.

आता नजर ठेवण्याविषयी. मोबाईलवर दिवसातून दहा वेळा भाव पाहणारा माणूस नजर ठेवीत नसतो, तो पेरलेले बी रोज उकरून पाहत असतो. शेतकरी पीक सुगीलाच मोजतो. आपणही वर्षातून एकदा, ठरल्या दिवशी, सर्व ओळींपुढे आजची किंमत लिहून दर काढावा आणि तो तीन गोष्टींशी ताडून पाहावा. एक, त्या वर्षाच्या महागाईशी. दोन, काहीही त्रास न घेता पोस्टात मिळाले असते त्या दराशी. आणि तीन, शेअरबाजारात असाल तर निर्देशांकाशी. या तिसऱ्या तुलनेत एक सावधगिरी अशी, की सेन्सेक्सच्या नित्याच्या आकड्यात लाभांश धरलेला नसतो. म्हणूनच ‘सेबी’ने २०१८ च्या फेब्रुवारीपासून फंडांना लाभांशासह काढलेल्या निर्देशांकाशी तुलना करणे बंधनकारक केले. जो नियम फंडांना, तो आपण आपल्यालाही लावावा. पाच-सात वर्षे ओळीने एखादी गुंतवणूक पोस्टाच्या दरालाही पोचत नसेल, तर तिच्यावरची माया आवरावी. आणि एखाद्या वर्षी मागे पडली म्हणून लगेच मोडूही नये.

लक्ष्मीपूजनाला आपण वहीची पूजा करतो, हळदकुंकू वाहतो आणि नंतर ती वही कोरीच राहते. यंदा तसे करू नका. शंभर पानांची एक साधी वही आणा, तिला पाच रकाने आखा: तारीख, कोठे, घातले, काढले, आजची किंमत. घरातल्या शिकणाऱ्या मुलीला शेजारी बसवा आणि दर तिला काढावयास सांगा. सुप्याच्या शेतकऱ्यांनी न वाचता येणारी वही जाळली. आपल्याला वाचता येणारी वही लिहिता येते. आणि लिहावयास बसाल तेव्हा, ज्या गुरुजींच्या नावाने आज आपण जमलो आहोत त्यांच्या साक्षीने एवढे करा, की रक्कम मागाहून लिहा. पहिल्यांदा तारीख घाला.